पैठण गेट पैठणला का नाही?

मैत्रिणींनो, तुम्हाला आधीच सांगते, ही गोष्ट माझ्या फजितीची आहे. मी अर्धवेळ शिक्षिका. पाचवीच्या वर्गात एकदा आपल्या छत्रपती संभाजीनगरची माहिती सांगत होते. ‘बावन्न दरवाजांचे शहर’ असं फळ्यावर लिहिलं, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, पैठण तर किती लांब आहे. मग पैठण गेट इथे कसं?”

मला उत्तर येईना. “पुस्तकात आहे तेवढंच लिही,” असं म्हणून मी तिला खाली बसवलं. बिचारी गप्प बसली. घरी पोळ्या लाटताना मात्र तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. लग्न होऊन या गावात आले त्याला बारा वर्षं झाली. पैठण गेटला कपडे घ्यायला गेले नाही असा एक सण नाही. पण त्या कमानीकडे कधी मान वर करून पाहिलं होतं का?

रविवारी सकाळीच स्वयंपाक आटोपला. ह्यांना म्हटलं, “आज वाढून तुम्हीच घ्या,” आणि लेकीला स्कूटरवर बसवून निघाले. ठरवलं, जिथे पाटी दिसेल तिथे थांबायचं आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

पैठण गेटचं कोडं सुटलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. अहो, दरवाजाचं नाव हीच रस्त्याची पाटी! या दरवाजातून निघालेली वाट दक्षिणेला पैठणला जाते. नाथांच्या आणि पैठणीच्या पैठणला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. उत्तरेच्या वाटेवर दिल्ली दरवाजा, पश्चिमेला मक्केच्या दिशेचा मकाई दरवाजा. वाटसरूला विचारत बसायची गरजच नाही!

तिथून भडकल दरवाजाला गेलो. हा १६१२ सालचा, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने बांधलेला. हा मलिक अंबर मूळचा हबसाणातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. खडकी गावाचं त्याने १६१० साली शहर केलं. खडकीचं पुढे फतेहनगर झालं, १६५३ साली औरंगजेब सुभेदार होऊन आल्यावर औरंगाबाद आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर.

पण माझं मन अडकलं ते त्याच्या नहरीत. जमिनीखालून पाणी खेळवून त्याने ते शहरात आणलं. पुढे पाणचक्कीलाही डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आलं. ते उंचावरून पाडून जातं फिरवायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या लोकांसाठी धान्य दळायचं. माझ्या संसाराची कितीतरी वर्षं नळाच्या पाण्याचा वार सांभाळण्यात गेली. त्या हौदाशी उभी असताना वाटलं, ज्याने हे पाणी घरापर्यंत आणलं, त्याने किती बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवला असेल!

शेवटी बीबी का मकबरा. मुख्य दरवाजावर कारागिरांची नावं कोरलेली आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. मकबरा ज्या बाईचा, ती दिलरास बानू, औरंगजेबाची पत्नी. पाचव्या मुलाचा, अकबराचा जन्म झाला आणि महिनाभरातच, १६५७ च्या ऑक्टोबरात, ती गेली. ओली बाळंतीण! घरात वैद्य-हकीम, दास-दासी सगळं असूनही. ‘मुलाने आईसाठी बांधलेला मकबरा’ असं पुष्कळदा वाचायला मिळतं. लेक लगेच म्हणाली, “कोणता मुलगा? किती वर्षांचा?” आझम १६५३ सालचा. आई गेली तेव्हा चार वर्षांचा! चार वर्षांचं पोर इमारत कशी उभारणार? बेरीज-वजाबाकी तिनेच केली. मी या वेळी तिला गप्प बसवलं नाही.

सोमवारी वर्गात गेल्यागेल्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. “तुझा प्रश्न बरोबर होता. बाईंनाच उत्तर येत नव्हतं,” असं सगळ्यांसमोर सांगितलं. मग पैठणची वाट तिच्याच हातून फळ्यावर काढून घेतली. तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू!

तुम्हीही एखाद्या रविवारी मुलांना घेऊन निघा. ऊन चढायच्या आत जा, सोबत पाण्याची बाटली, दशम्या-चटणी आणि एक वही घ्या. पाटीवरचं नाव आणि साल मुलांना लिहू द्या. त्याखाली त्यांचा प्रश्नही लिहायला सांगा. उत्तर नाही आलं, तर “मला ठाऊक नाही, आपण शोधू,” एवढं म्हणा. त्यात कसली आलीय लाज?