ओल आणि गारवा

मधुमेहाने बोटांची टोकं बधिर केली तेव्हा सुईदोऱ्याची मला फिकीर वाटली नाही. वाटली ती जिरॅनियमची. माझं सगळं कसब उजव्या हाताच्या पहिल्या बोटात होतं. कुंडीत दोन पेरं बोट खुपसलं की पाणी द्यायचं की थांबायचं ते कळायचं. आता माती ओली की कोरडी हेसुद्धा धड लागत नाही.

उन्हाळ्यात त्यावाचून अडत नाही. झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं, जाड दांड्यात पाणी धरून राहणारं. माझं माहेर मोखाड्याकडचं. तिथे एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात आणि त्याच तालुक्यात कोचाळ्याला बांधलेल्या १०२ मीटर उंच मध्य वैतरणा धरणातलं पाणी मुंबईला जातं. शोभेच्या झाडाला तांब्याभर पाणी घालताना माझा हात आजही आखडतो. जिरॅनियमला तो आखडता हातच मानवतो.

खरी परीक्षा भाताची आवणी सुरू झाली की. इथे जव्हारला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कुंड्या घरात, खिडकीशी. हवा इतकी दमट की पान पाणी सोडत नाही आणि कुंडीची भिंतही वाळत नाही. आषाढात घातलेलं पाणी तसंच मुळाशी बसून राहतं. मुळांना हवा मिळेनाशी होते, पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूचे बीजाणू त्या पाण्यात पोहत येतात आणि देठ मातीलगत काळा पडतो. मग वरचा निरोगी शेंडा छाटून नव्याने लावण्यापलीकडे काही उरत नाही. त्यात चकवा असा की पाणी जास्त झालं तरी खालची पानं पिवळी, कमी झालं तरी पिवळी. मलूल तर दोन्हीकडे. डोळ्यांवर विसंबून हे सुटत नाही.

कुंडीवर टिचकी मारून पाहिली. कोरडी कुंडी खणखणते, पण कौलांवर पाऊस कोसळत असताना ते ऐकू येत नाही. आता कुंडी उचलून वजन बघते. तिथेही मातीची कुंडी फसवते, कारण ती स्वतःच पाणी पिऊन जड होते. प्लॅस्टिकची कुंडी वजनाला खरी. आयुष्यभर मी तिला नाकं मुरडली, तरी या एका बाबतीत तिचं म्हणणं ऐकावं लागतं.

रोपवाटिकांवर माझा राग आहे. हल्ली नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेली, फुलांनी लगडलेली रोपं विकतात. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत पाणी धरून ठेवतं. इथल्या श्रावणात ते रोप कितीसं टिकणार? विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. माझ्या मिश्रणात निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा असतो, आणि पावसाळ्यात शेणखताला मी हात लावत नाही.

जव्हार-विक्रमगडकडचे शेतकरी मोगरा लावतात, कळ्या दादरच्या बाजारात जातात, घर चालतं. माझ्या फुलांनी घरात दिडकी आलेली नाही. मला हवं होतं ते वेगळंच. ऐन भादव्यात खिडकीत लाल झुबके दिसावेत आणि रस्त्याने जाणाऱ्याने मान वर करावी. कुणी फांदी मागितली की मी हटकून अशक्त फांदी द्यायची. दुसऱ्या कुणाच्या खिडकीत तो लाल रंग मला नको होता.

गेल्या पावसाळ्यात भाची शिकायला येऊन राहिली. तिला बोट घालायला लावलं.

“काय लागतंय?”

“ओल आहे मावशी, पण गारवा नाही.”

मी चमकले. इतकी वर्षं बोटाला जे कळत होतं ते हेच, आणि मला कधी सांगता आलं नव्हतं. नुसती ओल असली तर पाणी एक-दोन दिवसांत मागेल. गार लागत असेल तर झारीला हात लावायचा नाही.

आता पाणी तिच्या सांगण्यावरून घालते. तरी ती कॉलेजला गेली की एकेक कुंडी उचलून बघते. तिचं चुकत नाही. पण या घरातलं जिरॅनियम माझ्या हातचं आहे असं लोकांनी म्हणावं, ही हाव अजून सुटलेली नाही. परवा शेजारणीने फांदी मागितली. भाचीने मला न विचारता सगळ्यात जोमदार फांदी छाटून दिली, आणि त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.