आधी आवक नंबर

संघटनेच्या वार्षिक अहवालाचा शेवटचा परिच्छेद ऋणनिर्देशाचा असतो. शिक्षणाधिकारी, वेतन पथकाचे अधीक्षक, सभेला हॉल देणारी संस्था, हिशेब तपासणारे लेखापरीक्षक आणि ज्ञात-अज्ञात हितचिंतक. २०२२-२३ या वर्षी ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या आमच्या शिक्षकेतर संघटनेची चिटणीस मी होते. तो परिच्छेद मीही याच क्रमाने लिहिला. मसुद्यात मामांचं नाव होतं, ते मामांनीच खोडायला लावलं. ते संघटनेचे खजिनदार, आणि पदाधिकाऱ्यांनी एकमेकांचे आभार छापून घेऊ नयेत असं त्यांचं म्हणणं. अहवाल संघटनेचा होता, म्हणून ऐकलं. हा लेख माझा आहे.

मामा आमच्या शाळेचे शिपाई. मूळचे मुरबाडकडचे, शिक्षण सातवीपर्यंत, बिऱ्हाड माजिवडा गावठाणात. त्यांची मुलगी जवळजवळ माझ्या वयाची, तरी पहिल्या दिवसापासून ते मला ‘ताई’ म्हणत आले आणि मी त्यांना ‘अहो मामा’.

माजिवडा आता बहुतेकांना उड्डाणपुलावरूनच दिसतो. नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे एकमेकांपासून फुटतात तिथे पूल, मॉल आणि मेट्रो-४चे खांब यांच्या मधोमध जुनं गाव अजून आहे, आणि आमची अनुदानित मराठी शाळाही. पटावर पूर्वी कारखान्यांतल्या कामगारांची मुलं असायची. आता टॉवरमध्ये घरकाम करणाऱ्या बायांची आणि रिक्षावाल्यांची आहेत. महिन्याची सभा रविवारी आमच्याच शाळेत व्हायची. कल्याण-डोंबिवलीचे सभासद स्टेशनहून टीएमटीने निघून कापूरबावडीच्या कोंडीत अडकायचे, त्यामुळे ‘गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब’ हे वाक्य मी इतिवृत्तात आधीच लिहून ठेवत असे.

मामांचं माझ्यावर जे ऋण आहे, ते रुपयांत मोजता येतं. मोजण्याइतकं ते मोठं आहे, एवढंच.

जुलै २००५च्या पहिल्या आठवड्यात मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले. मोठ्या बाई म्हणाल्या, बसा, कागदपत्रं होतील सावकाश. मामा मात्र चहा घेऊन आले ते कप हातातच धरून उभे राहिले. “ताई, रुजू अहवाल लिहा. आधी आवक नंबर पडू दे, मग चहा.” मी अर्धं पान लिहिलं. त्यांनी ते बाईंच्या सहीला नेलं, आवक नोंदवहीत माझ्याच हाताने नोंद करवली, शिक्का मारला आणि मगच कप टेबलावर ठेवला. मला तेव्हा हा माणूस जरा आगाऊ वाटला.

त्याच महिन्याच्या २६ तारखेचा पाऊस कुणाला सांगायला नको. आमच्या कार्यालयात कपाटाच्या खालच्या कप्प्यापर्यंत पाणी चढलं. मामांनी घरी जायचं सोडून जनरल रजिस्टरं, मस्टरं, सेवापुस्तकं आणि आवक-जावकच्या वह्या कपाटांच्या डोक्यावर रचल्या आणि रात्र शाळेतच काढली. बाकी फायली भिजल्या. कॅटलॉगचा लगदा झाला.

मग ३१ ऑक्टोबर २००५चा शासन निर्णय आला. १ नोव्हेंबरला किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची योजना, पगारातून दहा टक्के कापणारी. माझ्या नेमणुकीला मान्यता यायला बराच काळ गेला आणि जेव्हा ‘रुजू दिनांकाचा मूळ पुरावा सादर करावा’ अशी त्रुटी निघाली, तेव्हा ती कोरडी वही आणि तिच्यातली माझ्या अक्षरातली नोंद, एवढंच हाताशी होतं. तेवढं पुरलं. कल्याणच्या एका शाळेत माझ्याबरोबरच लागलेल्या मैत्रिणीचं तसं झालं नाही. तिच्या शाळेचं दप्तर पुरात गेलं, नेमणुकीचा आदेश पुन्हा काढला गेला आणि त्याच्यावर डिसेंबरची तारीख पडली. दोघींचं काम एकच, मूळ वेतनही एकच, पण त्या निर्णयाने निवृत्तीनंतर दोघींच्या हातात येणारी रक्कम मात्र सारखी नसणार होती.

मी चिटणीसपद घेतलं ते हे डोक्यात ठेवून. बाहेरच्यांना संघटना म्हणजे आझाद मैदान आणि घोषणा वाटतात. आमचं वर्ष गेलं सेवापुस्तकांत. निवृत्तीच्या निदान सहा महिने आधी प्रस्ताव तयार हवा, तो शिक्षणाधिकारी कार्यालयातून मुंबईला महालेखापालांकडे जातो, आणि एक नोंद राहिली तरी परत येतो. पहिल्या पानावर बोटांचे ठसे, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, दर वर्षीची सेवा पडताळणी, रजेचा हिशेब, नामनिर्देशन, पाचव्या-सहाव्या-सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती. शिक्षक स्वतःचं पुस्तक मागून बघतात. लिपिक स्वतःचं स्वतः लिहितो. शिपायाचं पुस्तक लिहायचं राहून जातं. सगळ्यांची पुस्तकं पिशवीत घालून वेतन पथकात नेणारा माणूस तोच, हे कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की रविवारी निवृत्तीला आलेल्या सभासदांची पुस्तकं घेऊन बसायचं. कामाची वाटणी मामांनी केली. ते स्वतः फारसं लिहीत नसत, पण कोणत्या टेबलावर कोणती त्रुटी निघते हे त्यांना पाठ होतं. वर्षानुवर्षं त्या टेबलांशेजारी उभं राहिल्याने मिळालेलं ते शिक्षण. “या पानावर खाडाखोड आहे, तिच्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या. नाहीतर जाईल आणि येईल.” “बायकोचं नाव इथे एक आणि रेशनकार्डावर दुसरं. प्रतिज्ञापत्र आत्ताच करा.” मी बी.कॉम. झालेली आणि शालार्थ प्रणालीत महिन्याचं वेतन देयक डोळे मिटून भरणारी, पण प्रस्ताव कसा वाचायचा हे त्यांच्याकडून शिकले. वाचायचा तो परत पाठवणाऱ्याच्या नजरेने.

त्याच वर्षी संचमान्यता आधार पडताळणी झालेल्या पटावर होणार असं ठरलं. ज्या मुलाचं नाव किंवा जन्मतारीख आधारवर वेगळी, ते मूल वर्गात समोर बसलेलं असूनही मोजणीत नाही. मुलं कमी मोजली गेली तर पदं जातात, आधी शिक्षकांची, मग आमची. आमच्या शाळेतली अशी मुलं मामांनी गावठाणात आणि वस्तीत घरोघर जाऊन शोधली, आयांना घेऊन आधार केंद्राच्या रांगेत उभी केली. कामाच्या वेळेत जाता यावं म्हणून एकीच्या मालकिणीशीही तेच बोलून आले. हे काम कुठल्याही परिपत्रकात शिपायाच्या कर्तव्यसूचीत सापडणार नाही.

जानेवारीत विधान परिषदेच्या कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक झाली. ३० तारखेला मतदान. या मतदारसंघात मत फक्त शिकवणाऱ्यांना, कारण राज्यघटनेतच तसं आहे. मतदार नोंदणीचे नमुना १९चे अर्ज मात्र आम्हीच भरून, मुख्याध्यापकांची सही घेऊन, गठ्ठे बांधून पाठवले. उमेदवार येत, स्टाफरूमकडे जाताना कार्यालयात डोकावत आणि नमस्कार न करताच पाणी मागत. मामा पेला पुढे करत आणि ते गेल्यावर म्हणत, “मत त्यांचं, तहान आपल्या वाट्याला.” याच उमेदवारांनी पुढे सभागृहात आमचे प्रश्न मांडावेत, अशी अपेक्षा. काही मांडतातही, ते नाकारत नाही. पण ज्याच्या मताची गरज नाही त्याच्या प्रश्नाला किती जोर लागणार, हे कळायला घटनातज्ज्ञ व्हावं लागत नाही.

मार्चमध्ये जुन्या पेन्शनचा संप आला. १४ मार्च २०२३पासून बेमुदत, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा ऐन भरात. संघटनेची त्या आधीची सभा मी विसरणार नाही. आमच्यातले अर्धे २००५च्या अलीकडचे, अर्धे पलीकडचे. पलीकडच्या एका ज्येष्ठ सभासदाने उघड विचारलं की आपल्याला मिळणारच आहे, मग आपला पगार का कापून घ्यायचा? कुणीतरी १९७७-७८चा ५४ दिवसांचा संप काढला, र. ग. कर्णिकांचं नाव निघालं, आणि सभा जुन्या आठवणींत घसरायला लागली. तेव्हा खजिनदार उठले. मामा सभेत क्वचित बोलत. ते म्हणाले, “या ताईंची पेन्शन वहीतल्या एका ओळीमुळे आहे. ती वही भिजली असती तर त्या आज तिकडच्या बाजूला बसल्या असत्या. त्यांच्या कामात काय फरक पडला असता?”

आम्ही संपात उतरलो. मात्र मामांच्याच हट्टाने आदल्या संध्याकाळी थांबून परीक्षा केंद्राच्या वर्गांतली बाकं आणि बैठक क्रमांक लावून दिले. पोरांनी काय घोडं मारलंय, असं ते म्हणाले. काही सहकाऱ्यांना हे पटलं नाही. संप आहे तर तो पूर्ण हवा, असं त्यांचं मत. मला आजही मामांचंच बरोबर वाटतं. २० तारखेला मुख्यमंत्र्यांबरोबरच्या चर्चेनंतर संप मागे घेतला गेला. सरकारने नेमलेल्या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीवर सगळ्यांची नजर लागली आणि आम्ही मार्चअखेरच्या हिशेबांना लागलो. कल्याणची मैत्रीण त्या आठवड्यात रोज फोन करायची. मी तिला काय सांगणार? समितीच्या अहवालाची वाट बघू, एवढंच.

वर्षातला शेवटचा प्रस्ताव मामांचा होता. त्यांचं सेवापुस्तक उघडलं तर मधल्या काही वर्षांच्या पडताळणीच्या नोंदीच नाहीत. दुसऱ्यांची पानं बोटाने दाखवणारा माणूस, पण स्वतःचं पुस्तक मागून बघायला कधी धजावला नव्हता. शिपायाने स्वतःचं पुस्तक बघायला मागणं, हे त्यांच्या उमेदीच्या काळात उद्धटपणात जमा होई. जुनी मस्टरं काढून, देयकांच्या प्रती जुळवून मी एकेक वर्ष भरलं. २००५च्या पानाशी आले तेव्हा पुरावा म्हणून त्यांनीच वाचवलेलं मस्टर समोर होतं. मामा समोरच्या बाकावर बसून “सावकाश, ताई” म्हणत राहिले. प्रस्ताव एकदाही परत आला नाही. माझ्या नोकरीतलं हे एकच काम मी घरी मोठ्या आवाजात सांगितलं.

त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं. ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतलं शिपाई हे पद माणूस निवृत्त झाला की व्यपगत होतं. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळतो, पाच ते दहा हजारांच्या दरम्यान, भाग बघून. तेवढ्यात घंटा देणं, डाक नेणं, बाकं लावणं, गावठाणात मुलं शोधणं, सगळं. भत्त्यावर आलेला पहिला मुलगा मॉलमध्ये जास्त पगार मिळाला म्हणून गेला. त्याच्यानंतरचा टिकला आहे. हुशार आहे, अर्ज आला की आवक नंबराशिवाय पुढे सरकू देत नाही. हे त्याला कुणी शिकवलं ते विचारायची गरज पडली नाही, कारण मामा निवृत्तीनंतरही दर आठवड्याला शाळेत येतात.

भत्त्यावरच्या या मुलाला संघटनेचं सभासदत्व देता येत नव्हतं. आमच्या घटनेप्रमाणे सभासद तोच, ज्याच्या पदाला मान्यता आहे. घटनादुरुस्तीचा मसुदा मामांनी सांगितला, मी लिहिला. निवृत्त सभासदाला सूचक होता येत नाही, म्हणून सूचक मी. सर्वसाधारण सभेत पाऊण तास वाद झाला. अशांना घेतलं तर पद गेल्याचं आपणच मान्य केल्यासारखं होईल, हा विरोधकांचा मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नव्हता. ठराव बहुमताने मंजूर झाला. वर्गणी निम्मी ठेवली, मताचा अधिकार पूर्ण.