दोन पंखांचे विमान

लहान मुलाला खेळणे हातात हवे असते आणि मोठ्या माणसाला ते कपाटात हवे असते. खेळण्यांच्या बाबतीत या दोघांत मला एवढाच काय तो फरक दिसतो. मूल नवे खेळणे आधी दाबते, मग हलवते, संधी मिळाली तर चाखूनही बघते. तेवढ्याने त्याची त्या वस्तूशी ओळख पटते. मोठा माणूस मात्र दोन पावले मागे सरतो, मान तिरपी करतो आणि म्हणतो, “अगदी खऱ्यासारखे आहे हो!” जणू खऱ्यासारखे दिसले की खेळण्याचे कर्तव्य संपले.

आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झालेला असतो; दुसऱ्या दिवशी मुले आपापले लाकडी नंदी सजवून बाहेर काढतात आणि घरोघर बोजारा मागत हिंडतात. सुताराने घडवलेल्या त्या बैलाचे वशिंड वाजवीपेक्षा मोठे असते, पाय आखूड असतात आणि पायांखाली चाके असतात. चाके असलेला बैल आजवर कुणी पाहिला नसेल. पण त्याबद्दल कुठल्या पोराने तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही. नंदीच्या गळ्यातली दोरी हातात आली आणि तो मागून चालू लागला, की तो बैल खरा होतो.

हे सारे मला आठवण्याचे कारण म्हणजे वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी मी आयुष्यातले पहिले प्लॅस्टिकचे विमान जोडायला बसलो. टायगर मॉथ नावाचे, दोन पंखांचे, एअरफिक्स या इंग्रजी कंपनीने तयार केलेल्या सुट्या भागांचे. नातवाने ते पुण्याहून अमरावतीला पाठवले, पण ते माझ्यासाठी नव्हते. ते अकोल्याला असलेल्या माझ्या थोरल्या भावासाठी होते. आणि दादाला गेली सहा वर्षे दिसत नाही. काचबिंदूने त्याची दृष्टी हळूहळू नेली.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याच्या डोक्यात विमान शिरले ते रात्रीच्या टपालाने. जानेवारी १९४९ मध्ये आपल्याकडे रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची देवघेव करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. १९७३ पर्यंत हे चालले. मुंबईहून नागपूरला जाणारे विमान अकोल्याच्या दक्षिणेकडच्या आभाळातून जाई. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपत असू. वारा तिकडचा असला की ती घरघर ऐकू येई आणि दादा मला कोपराने ढोसून म्हणे, “आलं पाय!” चांदण्यांमधून एक चांदणी चालू लागलेली दिसे. मी लगेच झोपत असे. दादा ती दिसेनाशी होईपर्यंत बसून राही.

त्याच्या तोंडून मी ज्या गोष्टी ऐकल्या, त्यांत राक्षस आणि राजपुत्र नसत. आगाखानांनी लावलेल्या बक्षिसासाठी १९३० साली भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेण्याची चढाओढ लागली होती, तिची गोष्ट त्याची फार आवडती. जे. आर. डी. टाटा इकडून निघालेले, अस्पी इंजिनिअर तिकडून येणारे. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगपायी अडून बसले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले, आणि अस्पी जिंकले! हेच अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या दोघांची विमाने जिप्सी मॉथ, दोन पंखांची. टायगर मॉथ त्याच घराण्यातले, धाकटे. त्याचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ चे. पुढे अशी आठ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली आणि जगातल्या कितीतरी वैमानिकांनी उडण्याची बाराखडी त्यांच्यावरच गिरवली. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतही ती असत.

१९५९ साली दादा शिकायला नागपूरला गेला. कॉलेजात किती गेला कोण जाणे. सोनेगावच्या विमानतळाच्या कुंपणाशी मात्र नेमाने जाई. तिथल्या एका मेकॅनिकने त्याला एकदा टायगर मॉथच्या मागच्या खुर्चीत पाच मिनिटे बसू दिले. विमान जमिनीवरच उभे होते, इंजिन बंद होते. पण ती पाच मिनिटे त्याने आयुष्यभर पुरवली. वैमानिक होण्याची गोष्ट त्याने घरी काढली तेव्हा वडील म्हणाले, “आभायातून पगार पडत नसते.” विषय संपला. दादा अकोल्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबनीस झाला आणि पस्तीस वर्षे कापसाच्या गाठी मोजत राहिला. शिवणीला महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी त्याच्या गावालगतच होती. पण तिथून त्याला कुठे जायचे नव्हते.

तर अशा माणसासाठी हे विमान जोडायचे होते.

खोके उघडले तेव्हा आत विमान नव्हते. करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना पंख, चाके, खांब, खुर्च्या असे सगळे भाग झाडाला चिंचा लागाव्यात तसे लागलेले होते. प्रत्येकाला क्रमांक. नखे कापायच्या कात्रीने एकेक भाग सोडवायचा, पॉलिश पेपरने त्याची कड घासायची आणि मग चिकटवायचा. हा चिकटवण्याचा द्रव मोठा नवलाचा आहे. आपला डिंक दोन वस्तूंच्या मध्ये बसतो. हा मध्ये राहतच नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, आणि तो स्वतः उडून जातो. मागे सांधा उरतो. समेट घडवणाऱ्या शहाण्या माणसासारखे त्याचे वागणे आहे.

प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. खऱ्या टायगर मॉथच्या पंखांचा पसारा २९ फूट ४ इंच. माझ्या टेबलावर तो साडेअठरा सेंटिमीटर झाला, वीतभराहून थोडा कमीच. धड जोडायला दोन संध्याकाळी पुरल्या. कस लागला तो वरच्या पंखाशी. खालचे पंख धडाला टेकून बसतात, त्यांना आधार आहे. वरचा पंख मात्र बारीक खांबांवर अधांतरी उभा राहायचा असतो. तो डावीकडे कलायचा नाही, उजवीकडे झुकायचा नाही, आणि शिवाय खालच्या पंखाच्या बरोबर वरही यायचा नाही. थोडा पुढे यायचा. मी आगपेट्यांच्या दोन चळती रचल्या, त्यांवर पंख टेकवला, खांब एकेक करून बसवले आणि रात्रभर पंखा बंद ठेवला. ऑगस्टच्या उकाड्यात आमच्या घरातल्यांनी तो सोसला, हे इथे नमूद केलेच पाहिजे.

दोन पंख मुळात लागले कशाला, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला. त्याचे उत्तर असे की पहिल्या विमानांची इंजिने दुबळी होती आणि वेग बेताचा होता. तेवढ्या वेगात वर उचलून धरायला पंखाचे क्षेत्र मोठे हवे. आणि लाकूड-कापडाचा पातळ पंख लांब केला तर तो मोडणार. मग एका लांब पंखाऐवजी दोन आखूड पंख एकावर एक ठेवायचे आणि मध्ये खांब व तिरप्या तारा घालून त्यांची कैची करायची. ही कल्पना आली पुलावरून. ऑक्टेव्ह शनूट हा अमेरिकेत रेल्वेचे पूल बांधणारा इंजिनिअर. १८९६ साली त्याने आपल्या ग्लायडरच्या दोन पंखांना पुलाचीच बांधणी दिली. राइट बंधूंनी ती उचलली आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्या खेपेस १२ सेकंदांत १२० फूट गेले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला साडेसहा हजारांच्या आसपास पत्रे घेऊन गेलेले जगातले पहिले टपालविमानही दोन पंखांचेच होते. पुढे इंजिने बळकट झाली, पंख धातूचे झाले, तारा आणि खांब वाऱ्याला नुसते अडवू लागले, आणि एका पंखाचे दिवस आले.

या तारा दोन प्रकारच्या असतात. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात, त्यांचा ताण घेणाऱ्या तारा वेगळ्या. आणि विमान जमिनीवर उभे असताना पंखांचे ओझे पेलणाऱ्या तारा वेगळ्या. जमिनीवर तोलून धरणाऱ्या तारांकडे पाहणाऱ्याचे लक्षही जात नसेल. पण विमान आयुष्यातला पुष्कळसा काळ जमिनीवरच उभे असते.

तारा खोक्यात नव्हत्या. त्या आपल्या आपण ओढायच्या. इथेच माझा आणि सूचनापत्रकाचा रस्ता वेगळा झाला. पत्रक लिहिणाऱ्याने असे धरले होते की हे विमान पाहण्यासाठी आहे. माझे विमान चाचपण्यासाठी होते. ज्यांच्यासाठी ते करायचे ती दहा बोटे त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून फिरणार होती. म्हणून मी प्रत्येक खांबाच्या टोकाला सुईने भोक पाडून आत तांब्याच्या तारेचा तुकडा बसवला. पंखाच्या खांबावर हवेचा वेग मोजणारी एक बारीक नळी असते. तिथे टाचणी कापून लावली. तारांसाठी मासे धरायच्या गळाचा सर्वांत बारीक दोरा आणला आणि तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणून बांधला. खुर्च्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. रंगाशी आलो तेव्हा मात्र थबकलो. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी रंग कशाला, असे घरात एकाने सहज विचारले. प्रश्न रास्त होता. मी फोन केला.

“दादा, सोनेगावचं विमान कोन्या रंगाचं होतं?”

पलीकडून क्षणाचाही वेळ लागला नाही. “रुपेरी. आन् अक्षरं कायी. व्हीटीपासून सुरू.”

मी रुपेरी रंग दिला. अक्षरे काळ्या रंगाने, सर्वांत बारीक ब्रशने हाताने काढली.

अमरावतीहून अकोल्याला जाताना खोके मी मांडीवर घेतले होते. या रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तासांत डांबरी करून जागतिक विक्रम झाला होता; त्या विक्रमाचे मोल मला त्या दिवशी कळले. बडनेऱ्याच्या पुढे ड्रायव्हर म्हणाला, “काका, बॉक्समधी काय हाय?” मी म्हटले, “विमान.” तो हसला. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचे पहिले प्रवासी विमान उडाले, तेव्हापासून आमच्याकडे विमान या शब्दाला लोक असेच खुशीने हसतात.

दादा पलंगावर बसला होता. मी विमान त्याच्या हातात दिले आणि गप्प राहिलो.

त्याने ते पाहिले तसे मी जोडतानाही पाहिले नव्हते. आधी दोन्ही तळव्यांत घेऊन त्याने वजन जोखले. मग अंगठा नाकावर गेला. “इंजिन उलटं. सिलिंडर खाली.” बोटे पंखांच्या कडेने सरकली. “वरचा पंख पुढं हाय. समोरच्या मानसाले पॅराशूट घेऊन बाहेर पडता आलं पायजे म्हनून.” मग वरच्या पंखाच्या मध्यावर टकटक केले. “हे पेट्रोलची टाकी.” खालच्या पंखाच्या मागच्या कडेवर नख फिरवले, वरच्या पंखाच्या कडेवरही फिरवले, आणि समाधानाने मान हलवली. विमान कलते करणारी पट्टी टायगर मॉथच्या फक्त खालच्या पंखांना असते. हे मी पत्रकात वाचले होते, त्याने चौसष्ट-पासष्ट वर्षे लक्षात ठेवले होते. एक तार त्याने नखाने छेडली आणि कान जवळ नेला. शेवटी करंगळी मागच्या खुर्चीत टेकवून तो बराच वेळ तसाच राहिला.

“रंग रुपेरीच देला ना?”

“रुपेरीच देला, दादा.”

“अक्षरं?”

“काढली.”

“मंग झालं.”

डोळ्यांना न दिसणारा रंगही त्या विमानाचा भाग होता. तो नसता तर त्याच्या हातात दुसरेच कुठले तरी विमान पडले असते. नमुना खऱ्यासारखा असावा म्हणजे काय, हे मला त्या खोलीत समजले. बाकीचे विमान त्याच्या बोटांनी तपासून घेतले. रंगापुरता मात्र त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “किती नाजूक हाय जी! शोकेसमधी ठेवा आता, मोडन नाई तं.”

दादा म्हणाला, “शोकेस पायनाऱ्याची असते.”

विमान आता त्याच्या उशाजवळच्या स्टुलावर असते. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला औषधांचा डबा. परवा त्याचा फोन आला. रोज हात लागून उजवीकडची एक तार तुटली आहे. हे सांगताना त्याच्या आवाजात दुःख नव्हते. मलाही झाले नाही. दिवाळीला अकोल्याला जाईन तेव्हा दोऱ्याचे रीळ बरोबर असेल. आणि एवढ्याने भागेल असे नाही, म्हणून मी दोन रिळे घेऊन ठेवली आहेत.