स्ट्रासबर्गचा हात

वॉशिंग्टन म्हणजे फक्त राजकारण, असं भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं. त्यांना मी सामन्याच्या संध्याकाळी ग्रीन लाइनच्या मेट्रोनं नेव्ही यार्डला घेऊन जातो. लाल टोप्यांचा लोंढा अॅनाकोस्टिया नदीकाठच्या मैदानाकडे निघालेला असतो आणि त्यात ३७ क्रमांकाचे शर्ट अजूनही दिसतात. हा क्रमांक बेसबॉलपटू स्टीफन स्ट्रासबर्गचा. या शहराला समजून घ्यायचं तर त्याची गोष्ट ठाऊक हवी.

२००८मध्ये नॅशनल्स हा शहराचा बेसबॉल संघ सगळ्यात तळाला होता. त्यामुळे २००९च्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा पहिला मान त्यांना मिळाला आणि त्यांनी स्ट्रासबर्गला घेतलं. ८ जून २०१० रोजी पहिल्याच सामन्यात त्यानं पिट्सबर्गचे १४ फलंदाज स्ट्राइकआउट केले. चेंडूचा वेग ताशी १६० किलोमीटरला भिडत होता. शहर वेडं झालं. आणि ऑगस्टमध्येच त्याच्या उजव्या कोपरातला अस्थिबंध फाटला.

त्यावरच्या शस्त्रक्रियेला इथे ‘टॉमी जॉन’ म्हणतात. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी याच नावाच्या पिचरवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर, ती पहिल्यांदा केली. शरीरातल्याच दुसऱ्या जागचा स्नायूबंध काढायचा आणि कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवायचा. मग वर्षभर धीर धरायचा. चेंडू पुन्हा हातात येतो तोही आधी जवळच्या अंतरावर, हलक्या हातानं.

स्ट्रासबर्ग परतला. २०१२मध्ये नॅशनल्सनी सर्वाधिक ९८ सामने जिंकले. १९३३नंतर प्रथमच शहराचा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला होता. तरीही सरव्यवस्थापक माइक रिझो यांनी सप्टेंबरमध्ये हात जपण्यासाठी स्ट्रासबर्गला थांबवलं. संघ सेंट लुईसकडून हरला आणि रिझोंवर टीकेची झोड उठली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. चोवीस वर्षांच्या मुलाचा हात त्यांनी एका मोसमाच्या यशापेक्षा मोलाचा मानला.

२०१९मध्ये याच हातानं ह्यूस्टनविरुद्ध सहावा सामना जिंकून दिला, नॅशनल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली आणि स्ट्रासबर्ग मालिकेचा मानकरी ठरला. त्यानंतर २४.५ कोटी डॉलरचा सात वर्षांचा करार झाला. पण पुढे मानेजवळच्या नसा दाबल्या जाण्याचा विकार जडला, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्या करारात तो जेमतेम आठ सामने खेळू शकला आणि २०२४मध्ये निवृत्त झाला. सर्वोत्तम डॉक्टर, अमाप पैसा, सगळी काळजी, आणि तरीही शरीरानं आपली मर्यादा दाखवलीच.

म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या मराठी आईबाबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपली मुलं आता लिटल लीगमध्ये पिचिंग करतात, त्याचा मला अभिमान वाटतो. पण ११-१२ वर्षांच्या मुलानं दिवसात ८५पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत आणि वर्षातून किमान चार महिने पिचिंग पूर्ण बंद ठेवावं, असं मेजर लीग बेसबॉलचीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मूल दोन संघांतून खेळत असेल तर दोन्हीकडचे चेंडू मिळून मोजा, कारण प्रत्येक प्रशिक्षक फक्त आपल्यापुरतेच मोजतो. आणि कोपर दुखतंय असं मुलानं म्हटलं, तर त्याच क्षणी त्याला मैदानाबाहेर काढा. सामना कितीही महत्त्वाचा असो.