आडनाव आणि आजोळ

राहू बेट म्हणजे मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधली उसाची भूमी. येथे माणसाची ओळख दोन प्रश्नांत आटोपते : ‘आडनाव काय?’ आणि ‘मूळ गाव कोणते?’ आमच्या भाच्याला या दोन्ही प्रश्नांची धास्ती वाटे. त्याचे वडील दौंडच्या रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन घराण्यातले, आई आमची धाकटी बहीण. सुट्टीत तो आजोळी आला की गुऱ्हाळावरची मंडळी कौतुकानेच त्याला ‘गोरा साहेब’ म्हणत. तो मात्र उतरलेल्या चेहऱ्याने घरात येई. दौंडला चुलत्यांकडे त्याच्या मराठी वळणाच्या इंग्रजीची थट्टा होई.

राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदात अँग्लो-इंडियन कोण, हे पुरुषवंशावरून ठरविले आहे. म्हणून आमचा भाचा त्या व्याख्येत बसतो. मराठी घरात दिलेल्या त्याच्या आत्याची मुलगी बसत नाही. आजी-आजोबा तेच, घारे डोळेही तेच! लोकसभेतील नामनियुक्तीच्या दोन जागांची तरतूद २०२० साली संपली, व्याख्या मात्र राहिली.

विशी ओलांडल्यावर ही दोघे भावंडे पुण्यात एका समुपदेशक बाईंच्या गटात जाऊ लागली. आठवड्यातून एकदा, दीड तास, गोलाकार मांडलेल्या आठ खुर्च्या. एकाची आई नागालँडची, दुसरीचे वडील परदेशी. तेथे बोललेले बाहेर न्यायचे नाही, हा पहिला नियम. त्यामुळे भाच्याने स्वतःचे जेवढे सांगितले तेवढेच आम्हांस ठाऊक. उपदेश कोणी करीत नाही, हे ऐकून आम्हांस प्रथम नवल वाटले. (आमच्या घरात दुसरे काय होते?) समूहोपचारावर १९७० साली ग्रंथ लिहिणारे आयर्विन यालम म्हणतात की, ‘हे दुःख माझ्या एकट्याचे नाही’ हा प्रत्यय स्वतःच औषधाचे काम करतो.

बाईंनी त्यांना एरिक एरिक्सन यांची हकिकत सांगितली. आई डेन्मार्कची यहुदी, जन्मदाता पिता अज्ञात. सोनेरी केसांमुळे सभास्थानात हा मुलगा परका, शाळेत यहुदी म्हणून परका. पुढे त्यांनीच ‘अस्मितेचा पेच’ ही कल्पना मांडली आणि अमेरिकेत एरिक्सन हे आडनाव स्वतःच निवडले.

भाचा आता मूळ गाव विचारणाऱ्यास ‘दोन आहेत’ असे सांगून दोन्हींची नावे घेतो. भाची मात्र तीन महिन्यांनी गट सोडून आली. खुर्च्यांवर बसून घटनेतली व्याख्या बदलते काय, असा तिचा सवाल. आईचे माहेरचे आडनाव आपल्या नावात घालायचे तिने ठरविले आहे. तिच्या वडिलांनी अद्याप त्यावर एक शब्दही काढलेला नाही.