पडायला शिकताना

फजरची नमाज झाली की आम्ही मायलेकी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरतो. एक अकरा वर्षांची, दुसरी बेचाळीसची, स्केटबोर्ड एकच. तो आणला तेव्हा पहिल्याच आठवड्यात लेकीचं मनगट मुरगळलं. "मुलीच्या जातीला हे कशाला?" शेजारच्या खाला म्हणाल्या. बोर्ड माळ्यावर गेला.

मग काबूलबद्दल वाचनात आलं. तिथे २००७ साली सुरू झालेल्या 'स्केटिस्तान'मध्ये मुली हिजाबवर हेल्मेट घालून स्केटबोर्ड शिकत. २०२१ मध्ये सत्ता बदलली आणि ते दार बंद झालं. आमचं दार तर उघडंच होतं. ते आम्हीच लावून घेतलं होतं.

बोर्ड खाली काढला. हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे आणले. पुढचं पाऊल पुढच्या स्क्रूंवर, गुडघे वाकलेले, नजर पायांकडे नाही, समोर. तोल गेलाच तर हात ताठ टेकायचा नाही, अंग सैल सोडून कुशीवर लोळायचं. बिस्मिल्लाह म्हणून मागच्या पायाने रेटा द्यायचा.

आता खाला खिडकीतून विचारतात, "आज पडलात की नाही?"

पडलो. उठलोही, अल्हम्दुलिल्लाह.