तो आपल्यातलाच होता

भयकथा वाचण्याचे आमचे वय केव्हाच उलटून गेले, असे घरातील मंडळी म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतो आणि पुस्तक उशीखाली सरकवतो. ही गोडी लागली ती नारायण धारप यांच्यामुळे. वडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्यात वाचनालयाची एकच प्रत चार भावंडांत फिरत असे, आणि 'लुचाई' वाचून झाल्यावर दिवेलागणीनंतर माडीवर एकटे जाण्यास आमच्यापैकी कोणी तयार नसे. ही कादंबरी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या 'सेलम्स लॉट'वरून स्फुरलेली आहे, हे पुढे कळले. मूळ पुस्तक मिळवून वाचले, तेव्हा धारपांविषयीचा आदर कमी न होता वाढलाच. त्यांनी परकी भीती आपल्या मातीत अशी रुजवली होती की ती परकी वाटूच नये. रूपांतराने मूळ कृतीशी इमान राखायचे ते तपशिलांत नव्हे, हा धडा आम्ही तेथे शिकलो.

पुढे किंगची पुस्तके मिळतील तशी वाचत गेलो. त्यांपैकी 'ड्रीमकॅचर' ही २००१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आमच्या मनात घर करून राहिली. तिच्यावरील चित्रपट २००३ साली आला. आम्ही तो दोन वर्षांनी तबकडीवर पाहिला आणि नातवाच्या आग्रहाखातर परवा पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी वाटलेला विषाद इतक्या वर्षांत निवला असेल अशी समजूत होती. ती खोटी ठरली. चित्रपट फसणे हा काही अपराध नव्हे. बहुतेक चित्रपट फसतातच. पण हा चित्रपट आम्हाला दुखावून गेला, आणि का दुखावून गेला ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कथा मेन राज्यातील चार मित्रांची आहे. हेन्री, जोन्सी, बीव्हर आणि पीट हे दरवर्षी नोव्हेंबरात जंगलातील एका लाकडी खोपटात शिकारीच्या निमित्ताने एकत्र येतात. एका वर्षी हिमवादळात वाट चुकलेला एक गृहस्थ तेथे येऊन पोहोचतो. त्याच्या गालावर तांबूस डाग आहे, पोट भयंकर फुगले आहे. परग्रहावरून आलेली एक तांबडी बुरशी त्याच्या अंगात शिरलेली असून आतड्यांत एक दंतुर जंतू वाढतो आहे. पुढे लष्कर येते, जंगलाला वेढा पडतो आणि 'मिस्टर ग्रे' नावाचा एक परका जीव जोन्सीच्या देहाचा ताबा घेतो. बोस्टन शहराला पाणी पुरवणाऱ्या क्वाबिन जलाशयात तो जंतू सोडावा, म्हणजे पृथ्वी आपोआप ताब्यात येईल, असा त्याचा बेत असतो.

एवढेच असते तर ही कादंबरी आम्ही एका रात्रीत वाचून विसरलो असतो. परंतु तिच्या मध्यभागी पाचवा एक जण आहे. त्याचे नाव डग्लस. मात्र त्याला स्वतःला ते नीट उच्चारता येत नाही, म्हणून सारे त्याला डडिट्स म्हणतात. त्याला डाउन सिंड्रोम आहे. शाळकरी वयात या चौघांनी त्याला काही दांडग्या मुलांच्या तावडीतून सोडवले. ती मुले त्याला कुत्र्याची विष्ठा खायला लावत होती. त्या दिवसानंतर हे चौघे त्याला रोज शाळेत पोहोचवू लागले आणि त्याच्या सहवासात त्यांना एकमेकांची मने वाचता येऊ लागली. पुढे चौघे मोठे झाले, पोटापाण्याच्या मागे लागले आणि डडिट्सकडे जाणे हळूहळू थांबले. संकट आले तेव्हा त्यांना त्याची आठवण झाली. तोवर त्याला रक्ताचा कर्करोग झालेला होता. कादंबरीतील खरी भीती त्या जंतूची नाही. आपल्याला माणूस करणाऱ्या माणसाला आपण विसरून गेलो, ही ती भीती आहे.

या कादंबरीमागची हकिगतही सांगण्याजोगी आहे. १९ जून १९९९ रोजी घराजवळच्या रस्त्यावरून पायी जात असताना किंगला एका वाहनाची धडक बसली. पाय ठिकठिकाणी मोडला, खुब्याचे हाड मोडले, एक फुप्फुस आकसून निकामी झाले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने 'ड्रीमकॅचर' लिहायला घेतली आणि पुढील मे महिन्यात ती पुरी केली. यंत्रापुढे बसवत नसल्याने सहाशेहून अधिक छापील पृष्ठांची ही कादंबरी त्याने फाउंटन पेनने हाती लिहिली. जोन्सीलाही कादंबरीत मोटारीची धडक बसते आणि त्याचा खुबा अखेरपर्यंत ठणकत राहतो. ही कादंबरी आपल्याला फारशी आवडत नाही, वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली आपण ती लिहिली, असे किंगने २०१४ साली एका मुलाखतीत सांगून टाकले. कादंबरी पसरट आहे हे आम्हीही मान्य करतो. परंतु दुखणाऱ्या देहाविषयी तीत जे आहे ते खरे आहे, आणि लेखकाला स्वतःची कृती आवडत नसली म्हणून वाचकाने ती टाकून द्यावी असे थोडेच आहे?

चित्रपटाकडून आमची अपेक्षा मोठी होती, आणि तिला कारण होते. पटकथा विल्यम गोल्डमन आणि लॉरेन्स कॅस्डन यांची, दिग्दर्शन कॅस्डन यांचे. जुने मित्र वर्षांनंतर एकत्र आले म्हणजे काय होते, यावर कॅस्डन यांनी १९८३ साली 'द बिग चिल' हा उत्तम चित्रपट केला होता. गोल्डमन यांनी तर किंगच्याच 'मिझरी'ची पटकथा लिहिली होती. त्या कादंबरीत वेडसर परिचारिका लेखकाचे पाऊल कुऱ्हाडीने तोडते. १९९० सालच्या चित्रपटात ती घणाने त्याचे घोटे फोडते. एवढा मोठा बदल होऊनही कोणा वाचकाने गळा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची असहायता तेथे जशीच्या तशी उतरली होती. बदल हा दोष नव्हेच. काय बदलले, यावर सारे अवलंबून असते.

'ड्रीमकॅचर' चित्रपटाचा पहिला अर्धा तास चांगला आहे. बर्फाने भरलेले अरण्य, चौघांची थट्टामस्करी, वादळापूर्वीची ती शांतता, आणि सगळी जनावरे एकाच दिशेने पळत सुटल्याचे ते दृश्य. जोन्सीच्या स्मृतींचे कोठारही दिग्दर्शकाने प्रत्यक्ष इमारत उभारून मोठ्या कल्पकतेने दाखवले आहे. मग हेलिकॉप्टरे येतात आणि माणसे मागे पडतात. मॉर्गन फ्रीमनसारखा नट चित्रविचित्र भुवया लावून आरडाओरडा करू लागतो. डेमियन लुईसच्या जोन्सीत मिस्टर ग्रे शिरला म्हणजे तो एकाएकी इंग्लंडातल्या साहेबासारखे बोलू लागतो. आमच्या नातवाला तेथे हसू फुटले. भयपटात नको तेथे हसू आले की खेळ संपला. चौघांचे बालपण दोनचार स्मृतिदृश्यांत उरकते. सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत त्याच्या निम्म्याच्या आसपासच धंदा केला. हे सारे आम्ही सोसले असते.

सोसवला नाही तो शेवट. कादंबरीत मरणाच्या दारी असलेला डडिट्स आपला जुना जेवणाचा डबा घेऊन मित्रांसाठी घराबाहेर पडतो. तो परत येणार नाही हे ओळखूनही त्याची आई त्याला जाऊ देते. जगाला वाचवण्याच्या त्या खटाटोपात त्याचा प्राण जातो. माणूस म्हणून जगलेला डडिट्स माणूस म्हणून मरतो. चित्रपटात मात्र अखेरच्या क्षणी तो कात टाकावी तसे मानवी रूप टाकतो. तो स्वतःच परग्रहावरचा निघतो! मग दोन अजस्र प्राणी झुंजतात, दोघांच्याही ठिकऱ्या उडतात, आणि प्रेक्षक घरी जायला मोकळा होतो.

आता यात तर्काचा घोळ आहे तो आहेच. डडिट्स जर माणूस नव्हता, तर त्याच्या रक्तातला कर्करोग कोणाचा? डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका इतरांहून अधिक असतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. ते ध्यानी घेऊन किंगने तो आजार निवडला की नाही हे सांगता येणार नाही, पण त्या आजाराने डडिट्स अधिकच आपल्यातला झाला होता. तथापि आमचे दुःख तर्काचे नाही. ते सांगायचे तर आमच्या वाड्यात जावे लागेल.

धाकट्या काकांचा मुलगा बंडू आमच्याच बरोबरीचा. त्यालाही हाच विकार होता. त्याचे कारण पेशीतील एक जादा गुणसूत्र हे आहे, असे १९५९ सालीच प्रसिद्ध झाले होते. आमच्या वाड्यापर्यंत ते पोहोचायचे होते. आमच्याकडे त्याला 'देवाचे लेकरू' म्हणत. शेजारच्या गुजराती बायका 'भगवाननो माणस' म्हणत आणि गणपतीत त्याच्या हाती पहिला मोदक ठेवत. त्याला कोणी कधी छळले नाही, याचा आम्हा भावंडांना अभिमान होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी आळीतील मुले आपापली पेने त्याच्या हाताला लावून नेत. चौकातल्या क्रिकेटमध्ये नाणे उडवण्याचा मान त्याचा, कारण त्याचा हात शुभ. नाणे उडवून झाले की तो बॅटीकडे बोट दाखवी. "बंडू, तू पंच," असे म्हणून आम्ही त्याला ओट्यावर बसवीत असू. तो बसे. डाव संपेपर्यंत बॅटीकडे पाहत बसे. नाणे आम्ही त्याच्याकडून शेकडो वेळा उडवून घेतले असेल. बॅट त्याच्या हाती एकदाही दिली नाही.

पुढे आम्ही शिकायला आणि नोकरीला म्हणून पांगलो. सुटीत आलो की त्याच्या पाठीवरून हात फिरवीत असू, आणि तेवढ्यावर आमचे कर्तव्य संपे. त्याचे हृदय जन्मापासून सदोष होते. १९९४ साली, एकतिसाव्या वर्षी तो गेला. भेटायला आलेल्या एक बाई काकूंना म्हणाल्या, "देव होता हो, देवाघरी परत गेला." काकू तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "देव नव्हता तो. त्याला ताप यायचा. रात्ररात्र उशाशी बसायला लागायचं." बाई गप्प झाल्या. आम्हीही गप्प झालो.

काकूंचे ते बोल आम्हाला पुरते उमगले ते या चित्रपटाचा शेवट पाहताना. एखाद्याला माणसांच्या पंगतीतून उठवायचे दोन मार्ग आहेत. एक, त्याला विष्ठा खायला लावायची. दुसरा, त्याला देव म्हणायचे. पहिला मार्ग दांडगटांचा आणि दुसरा सज्जनांचा, एवढाच काय तो फरक. पंगतीतली त्याची जागा दोन्ही वेळी जातेच. २०१५ च्या अखेरीस 'दिव्यांग' हा शब्द सुचवला गेला आणि सरकारी व्यवहारात रूढ झाला, तेव्हा अपंगांच्या काही संघटनांनीच त्यावर आक्षेप घेतला होता. पुष्कळांना तो आक्षेप खुसपट काढल्यासारखा वाटला. आम्हाला तो ऐकताना काकू आठवल्या.

कॅस्डन आणि गोल्डमन यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. डडिट्सचा गौरव करावा, असेच कदाचित त्यांच्या मनात असेल. आम्हीही बंडूचा गौरवच करीत होतो. परंतु साध्यासुध्या, धड बोलता न येणाऱ्या एका मुलात एवढे बळ असू शकते यावर त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून ते बळ त्यांनी दुसऱ्या ग्रहावरून आणवले. देहात घुसलेला परका कोण आणि आपल्यातला कोण, हे ओळखण्याची ही कथा होती. आणि नेमका जो सर्वांत अधिक आपल्यातला, त्यालाच चित्रपटाने परका ठरवले. किंगने बिछान्यात वेदना सोसत जे ओळखले होते, ते सुखरूप देहाच्या माणसांच्या हातून निसटले.

चित्रपट संपल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, पुस्तकातही तो एलियनच असतो का?" आम्ही म्हणालो, "नाही रे. पुस्तकात तो माणूस आहे." त्याला ते जरा बेचव वाटले असावे. मग आम्ही त्याला बंडूविषयी सांगितले. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने एवढेच विचारले, "तुम्ही त्याला एकदाही बॅटिंग का नाही दिली?"

उत्तर आम्हाला देता आले नाही.